बाणेवाडीची कुंडी

छबूआक्का माझी थोरली जाऊ. तिनं गावच्या कुत्र्यांना विष घातलं असं एका यंत्रानं सांगितलं, आणि अख्ख्या गावानं ते मान हलवून कबूल केलं. मी त्याच तालुक्याची जनावरांची डॉक्टर. हे विष नाही, रोग आहे, असं मी घसा फाटेपर्यंत सांगत होते. माझं कुणी ऐकलं नाही. का, तर माझ्या तोंडाला बॅटरी नाही!

हसू नका. आज आठवलं तरी माझी कानशिलं तापतात.

नीट सांगते. बाणेवाडी ही माणदेशातली मेंढरांची वाडी. जिथं घर तिथं कुत्रं. खंडोबाच्या देवळापुढं काळ्या दगडाची एक लांबलचक कुंडी आहे. चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की पहिला घास कुत्र्यांचा, कारण ती देवाची कुत्री. लांब चारणीला गेलेली मंडळीसुद्धा त्या दिवशी कुत्र्यांसकट गावात येतात. सगळी कुत्री त्या एकाच कुंडीत खातात. गुरगुरतात, भांडतात, पण खातात. आणि कुंडी धुवायची नाही, हा बाणेवाडीचा नियम. कुत्र्यांनी चाटून साफ केली की ती साफ. पाणी लावलं तर देवाच्या उष्ट्याचा अपमान होतो म्हणे.

रोडग्याचा मान दर वर्षी एका घराचा. त्या घरच्या बाईनं रोडगे भाजायचे, वांगी भाजायची, आणि स्वतःच्या हातानं कुंडीत घास घालायचा. त्यातही तिच्या घरचं कुत्रं आधी खाणार, मग बाकीची. यंदा पाळी आली थोरल्या घराची, म्हणजे छबूआक्काची. थोरले दीर गेल्यापासून आक्का एकटी मेंढरं राखते. मग काय, झाली कुजबुज सुरू. कुंकू नसलेल्या बाईच्या हातचा रोडगा देवाला कसा चालेल? आक्कानं सरळ देवळात जाऊन विचारलं, "मान घराचा हाय का कुंकवाचा? घराचा असंल तर म्या करनार." सरपंच माणिक गोरड तेव्हा गप्प बसला. पण ते त्याच्या पोटात राहिलं होतं, हे पुढं दिसलंच.

आक्कानं पहाटेपासून राबून रोडगे भाजले. भरतातला कुत्र्यांचा वाटा तिनं कांदा न घालता वेगळा काढला. कांदा कुत्र्याला बाधतो, हे मीच तिला कधीतरी सांगितलं होतं, आणि आक्का एकदा ऐकलेलं विसरत नाही. येळकोटाचा गजर झाला, भंडारा उधळला, आणि तिनं पहिला घास आपल्या रुपीला घातला. रुपी म्हणजे तिची कुत्री. अंगानं काळी, छातीवर पांढरा पट्टा. लांडगा आला तरी वाघुरीच्या, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कोंडवाड्याच्या, तोंडाशी उभी राहणारी. दीर गेल्यावर आक्काला रात्रीची झोप लागायची ती रुपीच्या जिवावर.

आठवडा व्हायच्या आत रुपी आजारी पडली.

मी पोचले तेव्हा ती वाघुरीच्या कडेला आडवी होती. आधी उलट्या, मग रक्ताची हगवण. आणि तो वास! ज्यानं एकदा घेतला तो जन्मात विसरत नाही. मी पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाले, "आक्का, हा पार्वो आहे."

"पन लस टोचलीया की तिला. तूच टोचलीस."

"म्हणूनच मला घोर लागलाय."

मी सलाइन लावलं आणि नियमाप्रमाणे पेटी काढली. हिचं सरकारी नाव 'निदानी'. दोन वर्षांपूर्वी ती राज्यातल्या प्रत्येक जनावरांच्या दवाखान्यात आली. तालुक्यात आम्ही तिघं डॉक्टर होतो, ती आल्यावर मी एकटी उरले. विष्ठेचा ठिपका पट्टीवर लावायचा, पट्टी पेटीत सरकवायची, पेटीला आजारी जनावर दाखवायचं आणि लक्षणं तोंडी सांगायची. चहा होईपर्यंत निदान तयार. एरवी बरोबर सांगते, खोटं कशाला बोलू. म्हणूनच तर तिच्यावर सगळ्यांचा विश्वास बसला.

पेटी गोड आवाजात म्हणाली, "पार्वो आढळला नाही. विषबाधेची दाट शक्यता."

"काय?" मी ओरडले. पुन्हा पट्टी लावली. पुन्हा तोच गोड आवाज.

आणि मी काही करायच्या आत माझा फोन वाजला, आक्काचा वाजला, शेजारच्या वस्तीवरचे वाजले. पूर्वी दबावाखाली डॉक्टर विषप्रयोग दाबून टाकायचे. ते बंद व्हावं म्हणून नवा नियम आला होता. विषबाधेचा संशय आला की पेटी परस्पर पोलीस ठाण्याला आणि गावच्या ग्रुपला कळवणार. डॉक्टरच्या सहीची वाट बघणार नाही. नियम चांगल्यासाठीच केला होता. पण चांगल्या नियमाच्या हाती सुरी देऊन डोळे बांधले तर तो काय करणार?

दोन दिवसांत गावातली निम्मी कुत्री लोळागोळा झाली. सगळी चंपाषष्ठीला कुंडीत खाल्लेली. सगळ्यांच्या पट्ट्यांवर पेटीचं उत्तर एकच. गावानं मग आपलं गणित मांडलं. खाल्लं एका जागी, मरतात एकाच तऱ्हेनं, पेटी म्हणते विष, आणि घास घातला छबूनं. शिवाय बिनकुंकवाची! झालं, निकाल लागला.

रुपी गेली त्या संध्याकाळी आक्काच्या दारावर दगड पडले. मी तिथं नव्हते. माझा नवरा संपत तिथं होता. तो ग्रामपंचायतीचा सदस्य आहे, लोकांना समजवायला गेलो होतो म्हणाला. समजवलं काही नाही, नुसता उभा राहिला. एक दगड आक्काच्या दंडाला लागला.

"आणि तू बघत राहिलास?" मी विचारलं.

"एवढ्या जमावापुढं मी एकटा काय करू? आणि वैजू, पेटी खोटं बोलेल का? सरकारनं तपासून लावलीय."

"मग मी खोटं बोलते?"

"तसं नाही म्हणत मी. पण तू घरची पडतेस. लोक म्हणतात, डॉक्टर जावेला वाचवतेय. आपल्यालाही याच गावात राहायचंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "संपत, आई गेली तेव्हा तू पाळण्यात होतास. ह्या बाईनं लग्न होऊन आल्या दिवसापासून तुला कडेवर घेऊन मेंढरं राखली. ज्या हातची भाकरी खाऊन एवढा थोराड झालास, त्या हातानं विष कालवलं असं वाटतं तुला? बोल ना!"

 त्या दिवसापासून मी त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागले.

मी एका मेलेल्या कुत्र्याचं पोट उघडून बघितलं. आतड्याचं अस्तर सोलवटून निघालं होतं. आजारी कुत्र्यांचं रक्त काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. पांढऱ्या पेशी शोधून सापडेनात. आता हे जरा समजून घ्या, कारण सगळा तंटा इथंच आहे. पार्वोचा विषाणू अतिशय बारका आणि चिवट. जिथं पेशी भराभर जन्मतात तिथंच त्याचं फावतं, म्हणजे आतड्याचं अस्तर आणि हाडातला मगज. मगजात पांढऱ्या पेशी तयार होतात, म्हणून त्या संपतात. गावात उंदराचं औषध मिळतं, पिकावरचं मिळतं. त्यातल्या कुठल्याच विषानं दोन दिवसांत कुत्र्यामागून कुत्र्याच्या पांढऱ्या पेशी अशा पुसल्या जात नाहीत.

मी कंपनीला फोन लावला. निनाद केसकर नावाचा एक तरुण बोलला. आवाज त्या पेटीसारखाच गोड.

"मॅडम, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो."

"भावना गेल्या चुलीत. पांढऱ्या पेशी बघा, फोटो पाठवलेत."

"बघितले, मॅडम. पण जेवणात कांदा होता अशी नोंद गावाकडून आलीय. कांदा कुत्र्यांना विषारी असतो."

"कांद्यानं तांबड्या पेशी फुटतात, बाबा, पांढऱ्या नाही! आणि कुत्र्यांच्या वाट्यात कांदा नव्हता."

"पेटीत 'मानवी निरीक्षण' असा एक रकाना आहे. त्यात नोंदवा ना."

"त्यानं निदान बदलेल?"

"निदान बदलत नाही, मॅडम. पण नोंद राहते."

अस्सं! मी पंधरा वर्षं कुत्र्यांच्या पोटात हात घालतेय, आणि माझी किंमत काय, तर नोंद राहते.

मी श्वास आवरून त्याला विचारलं, पेटी पार्वो ओळखते कसा? त्यानं सांगितलं ते मला ठाऊकच होतं, पण त्याच्या तोंडून मला ऐकायचं होतं. विषाणूला कवच असतं. कवचावर उंचवटे असतात. पेटीच्या पट्टीवर प्रतिपिंडं चिकटवलेली असतात, ती ह्या उंचवट्यांना बरोबर धरतात. धरलं की पट्टीवर रेघ उमटते. पण हा विषाणू रूप बदलत आलेला आहे. मांजराच्या जातीतून कुत्र्यात आला तेव्हा एक रूप होतं, पुढं दुसरं, तिसरं. पेटी ओळखते ती जुनी रूपं. एखाद्या नव्या रूपात नेमकी ती धरायची जागाच बदलली असेल तर हात निसटणार. आमची लसही त्याच जुन्या रूपांवर बेतलेली, म्हणून तिचाही नेम चुकणार. आणि रेघ उमटली नाही की पेटी बाकीच्या लक्षणांवरून ताडते. तिला ज्या नोंदींवर शिकवलं, त्यांत लस टोचलेली पुष्कळ कुत्री एकदम रक्त हगून मेली, ती विषानंच. मग ती दुसरं काय बोलणार?

"म्हणजे फोटो जुना," मी म्हणाले, "आणि फोटोशी जुळत नाही म्हणून चोरच नाही!"

"मॅडम, नवं रूप असेल तर विभागीय प्रयोगशाळा जनुकं वाचून सांगते. तशी व्यवस्था आहे."

"मग मी नमुना तिथं पाठवते."

"हो, पण पेटीत पॉझिटिव्ह आलेलेच नमुने तिथं घेतात. निगेटिव्ह नमुन्यात विषाणूच नाही, तर वाचणार काय?"

मला पहिल्यांदा वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग हळूहळू डोक्यात शिरलं. पेटीला जे दिसत नाही ते कुणी बघायचं नाही. आणि कुणी बघत नाही तोवर पेटीला ते दिसायचं नाही. हे ज्यांनी ठरवलं ती शिकलेली, समजूतदार माणसं होती. एका टेबलाभोवती बसून, बिस्किटं खात ठरवलं असणार. मी फोन आपटला.

विषबाधा ठरल्यामुळं आणखी एक अनर्थ चालला होता. पार्वो म्हटलं असतं तर आजारी कुत्री वेगळी बांधली असती, घाण जाळली असती, कुंडी बंद केली असती. विष म्हटल्यावर कोण कशाला बांधतंय? आजारी कुत्री गावभर हगत फिरत होती. निरोगी कुत्री देवळापुढं जाऊन ती न धुतलेली कुंडी चाटत होती. मी जाऊन हाकलायची, माझी पाठ वळली की पुन्हा हजर.

आक्काकडं गेले तेव्हा ती बाभळीखाली बसली होती. तिथंच रुपीला पुरलं होतं. रुपीचं एक पिल्लू तेवढं वाचलेलं, ते तिच्या पदराशी खेळत होतं. पोलीस येऊन तिची पातेली आणि उरलेलं बाजरीचं पीठ सील करून घेऊन गेले होते. गिरणीवाल्यानं दळण परत पाठवलं होतं. चारणीला सोबत जाणाऱ्या बायांनी वाट बदलली होती.

"ऐतवारी सभा हाय," ती म्हणाली. "माणिकनं सांगावा धाडलाय. ठराव करनार हायती. छबूनं वाडी सोडायची, म्हायेरी जायचं. म्हायेरी कोन उरलंय माझं, वैजू? ह्या मेंढरांनी आन् ह्या बाभळीनं मला वळखलंय, तितं मला कोन वळखंल?"

"मी ठराव होऊ देणार नाही."

"तुझं कोन ऐकतंय?" मग तिचा आवाज चढला. "आगं, म्या माझ्या हातानं रुपीला पयला घास घातला. विष घालनारी बाई आपल्या लेकरागत जपलेल्या कुत्रीला पयला घास घालती व्हय? एवढी अक्कल न्हाय कुनाला? तर म्हनत्यात, संशय येऊ नये म्हून घातला. काय बोलायचं ह्या भाड्यांना?"

तिच्या दंडावर काळानिळा डाग पडला होता, त्याला मलम लावलं. आणि ते लावता लावता मला सुचलं.

दवाखान्यात एका शिक्षकाचं कुत्र्याचं पिल्लू येत असे. त्याला मी नुकतीच लस टोचली होती. लशीत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. तो पिल्लाला आजारी पाडत नाही, पण काही दिवस विष्ठेतून थोडा थोडा बाहेर पडतो. तो जुन्या रूपाचा, म्हणजे पेटीच्या ओळखीतला. त्या पिल्लाची विष्ठा घेतली आणि आजारी कुत्र्याच्या विष्ठेत मिसळली, तर पेटी जुन्याला धरून हो म्हणेल, नमुना प्रयोगशाळेत जाईल, आणि तिथं जनुकं वाचताना दोन्ही दिसतील.

याला भेसळ म्हणतात. तपासणीच्या नमुन्यात भेसळ केली की डॉक्टरची नोकरी जाते, कदाचित परवानाही. मला हे पक्कं ठाऊक होतं. मी हे सगळं संपतला सांगितलं. लपवायचं कशाला?

"तुझं आयुष्य वाया जाईल," तो म्हणाला.

"आक्काचं जातंय ते? त्याचं काय?"

"थोडं थांब. वर अर्ज कर."

"रविवारी ठराव आहे, संपत! अर्जाला उत्तर येईपर्यंत आक्का कुठल्या गावच्या पारावर बसलेली असेल?"

मी दवाखान्यात गेले, दार लावलं आणि मिसळलं. पट्टी लावली. पेटी तशीच गोड बोलली, "पार्वो आढळला. नमुना जनुकवाचनासाठी पाठवावा." मी तिला जी शिवी दिली ती इथं लिहिता येणार नाही. माझ्या आजीची होती.

शनिवारी दुपारी प्रयोगशाळेतून फोन आला. अरुंधती नावाची शास्त्रज्ञ होती. आवाजात उत्साह आणि भीती दोन्ही.

"मॅडम, नमुन्यात दोन विषाणू आहेत. एक लशीतला. दुसरा आम्ही आजवर पाहिलेला नाही. कवचावर नेमकी तीच जागा बदललीय जिथं पट्टी धरते. तुमच्याकडे कुत्री मरताहेत का?"

"मरताहेत. आणि एका बाईला त्यापायी गावाबाहेर काढताहेत."

 ती म्हणाली, "एक विचारू? हा नमुना मिसळलेला आहे का?"

"होय. मी मिसळला, मुद्दाम. तुमच्यापर्यंत पोचायला तेवढंच दार उघडं होतं."

"मला हे वर कळवावं लागेल."

"कळवा. पण आधी नवा विषाणू कळवा, मग माझी भेसळ. हा क्रम चुकवू नका."

तिनं तो क्रम पाळला, तिचे उपकार. रविवारी सकाळी कंपनीनं राज्यभरच्या सगळ्या पेट्यांना नवी शिकवण पाठवली. नव्या शिकवणीनं पेट्यांनी आपलेच जुने निकाल पुन्हा तपासले, तेव्हा कितीतरी गावांतली 'विषबाधा' संशयास्पद ठरली. अरुंधतीनं सांगितलं, एका गावात अशाच निकालावरून भंगार गोळा करणाऱ्या माणसाचा पाय मोडला होता. त्याच्या पायाला कोण नवी शिकवण पाठवणार?

मग केसकरचा फोन. "अभिनंदन, मॅडम! ह्या रूपाला आम्ही 'बाणेवाडी' नाव देतोय. तुमच्या गावाचा गौरव." आणि तासाभरात दुसरा संदेश, आमच्या खात्याकडून. नमुन्यात भेसळ केल्याबद्दल मला निलंबित केलं होतं, चौकशी होणार होती. दोन्ही मी एकापाठोपाठ वाचले आणि हसत सुटले. गावानं मिसळल्याचा आळ आक्कावर घेतला. मिसळलं खरं मी.

सभा देवळापुढंच होती. मी आक्काला घेऊन गेले. ती यायला तयार नव्हती. मी म्हटलं, "आक्का, तू आली नाहीस तर ते आपसात गोड बोलून मिटवतील." मग ती उठली. पिल्लू तिनं घरीच कोंडून ठेवलं.

सगळ्यांच्या फोनवर पेटीचा संदेश येऊन पडला होता. 'दुरुस्ती. पूर्वीचा निष्कर्ष रद्द. पार्वो, नवे रूप.' एवढंच. माफी वगैरे शब्द तिला कुणी शिकवलेच नव्हते.

सरपंच माणिक गोरड उभा राहिला. घसा खाकरला. "तर मंडळी, यंत्राची चूक झाली. आता खुद्द यंत्रानंच कबूल केलंय. म्हणजे कुणाचाच दोष नाही. छबूवहिनी, झालं गेलं विसरा. पुढच्या वर्षी मान पुन्हा तुमच्याच घराला देऊ. काय मंडळी?"

मंडळींनी माना हलवल्या. पेटी विष म्हणाली तेव्हा हलवल्या होत्या, तशाच. मी बोलायला तोंड उघडलं, पण आक्कानं माझा हात दाबला.

"माणिक," ती म्हणाली, "यंत्राचं चुकलं म्हनतोस. ते आलं हुतं का माझ्या दारात दगूड घेऊन?"

आक्कानं दंडावरचा डाग सगळ्यांपुढं धरला.

"त्याला हात हायती का? माझ्या दंडाला लागला त्यो दगूड कुनी मारला, म्या बघितलंय. नाव घेऊ? का तूच सांगतोस?"

माणिकची मान खाली गेली. तेव्हा मला कळलं. मला हे आक्कानं आजवर सांगितलं नव्हतं.

"आन् मान म्हनतोस. मान त्या पेटीला दे. घालू दे तिला रोडगा." आक्का माझ्याकडं वळली. "वैजू, ही कुंडी कशानं साफ हुईल?"

"ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं. दगडाच्या चिरांतून घासून काढावी लागेल. नाहीतर हा विषाणू महिनोन्‌महिने तिथंच राहील, आणि पुढच्या पिल्लांना खाईल."

म्हाताऱ्यांत खळबळ उडाली. कुंडीला पाणी? आजवर कधी लागलं नाही! देव कोपेल! आक्कानं त्यांच्याकडं बघितलं. "माझ्या दारात दगूड पडलं तवा न्हाय कोपला. आता पान्यानं कोपतोय व्हय?"

माझ्या गाडीत ब्लीचिंगचं पोतं होतं, काथ्याचे ब्रश होते. मी ते कुंडीपाशी आणून टाकले. आक्कानं एक ब्रश उचलला आणि सरळ माणिकच्या हातात दिला. मग तिनं गर्दीत बघून हाक मारली, "संपत!"

माझा नवरा पुढं आला. डोळे भरले होते त्याचे. तो तिच्या पायाला हात लावायला वाकला, तर ती मागं सरली.

"तू दगूड मारला न्हाईस," ती म्हणाली. "तू नुसता उभा हुतास. तू पानी घाल."

संपतनं बादली उचलली. माणिक गुडघ्यावर बसला. कडक इस्त्रीचं धोतर दोन मिनिटांत चिखलानं माखलं. ब्लीचिंगच्या वासानं त्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. गाव गोलात उभं राहून बघत होतं. एखाददुसरा पुढं सरकला, त्यालाही मी ब्रश दिला. आक्का मात्र थांबली नाही. पिल्लाची खायची वेळ झाली होती, ती वस्तीच्या वाटेला लागली, मागं न बघता.

बऱ्याच वेळानं माणिकनं मान वर केली. हाताची कातडी लाल झाली होती.

"डॉक्टरबाई, झालं का आता?"

मी त्या दिवसापासून डॉक्टर नव्हते. तरी वाकून बघितलं. कुंडी वरून पांढरी पडली होती. चिरांत अजून काळं होतं.

"नाही," मी म्हणाले. "घासा."